राखेवरच्या मैदानाचा पंच

नत्थ्या, तू मेलास हे मला मंजूर नाही, असं मी सुरुवातीलाच लिहिणार होतो. पण तू लगेच विचारलं असतंस, "कोणत्या नियमाखाली नामंजूर करून राहिला बे?" म्हणून लिहीत नाही. तू मेलास. खांदा मीच दिला. हयातभर वाऱ्यावर जगल्यासारखा दिसणारा माणूस तिरडीवर धानाच्या चार पोत्यांएवढा जड लागला, आणि तेही बरोबरच होतं. जिवंतपणी तरी तुला जागचा हलवायला कुणाला जमलं होतं.

आपल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी निरोप धाडला की "कै. नत्थूजी कापगते यांचा अल्प परिचय" लिहून द्या. जन्म कुठला, शिक्षण किती, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी किती वर्षं, मागे कोण कोण. मी कळवलं, अल्प परिचय असलेल्या कुणाकडून तरी लिहून घ्या, माझा त्याच्याशी फार होता. मला जे लिहायचं ते तुलाच लिहायचं आहे. आणि एक मोठी सोय झाली आहे, तू आता टोकणार नाहीस. सामन्याच्या वेळी मी टिनाचा भोंगा तोंडाला लावून ओरडायचो, "अख्खा भंडारा जिल्हा मैदानावर लोटला आहे," आणि तू रेषेवरून, मागे न वळता म्हणायचास, "शाम्या, अर्दा कर." मी अर्धा जिल्हा करायचो. तू म्हणायचास, "अजून." असं करत करत शेवटी खरे किती लोक आलेत ते मला सांगावं लागायचं, आणि ते ऐकण्यात कुणालाही मजा नसायची. आज अर्धा करणारा कुणी नाही. तेव्हा पडल्या पडल्या ऐक.

लोकांना वाटतं खेळाची मंडळं पैलवान काढतात. तुझा दम तर उंबऱ्यापासून चुलीपर्यंत टिकत नव्हता. बोदलकशाच्या तलावाजवळच्या तुझ्या गावात लहानपणी तुला हुतूतूत कुणी घेत नसे, आणि घेतलंच तर आग्रह करून समोरच्या संघाला देत असत. तू कडेला बसायचास. कडेला बसणाऱ्याला खेळ कमी दिसतो आणि भांडण जास्त दिसतं. हुतूतू थोडा आणि हमरीतुमरी फार, हे तू तिथंच डोक्यात भरून घेतलंस आणि गोंदियात नोकरीला आलास.

गोंदियात तर भांडणांचं जंक्शनच होतं. नागपूरकडून आलेला गडी चढाईला जाताना "हुतूतू" म्हणे. रायपूरकडचे हमाल "खुडुवा" म्हणत. बंगाली गार्डबाबू "हा-डू-डू" करत, इंजिनात कोळसा टाकणारे तेलुगू लोक "चेडूगुडू", आणि बाजारातली हिंदी बोलणारी पोरं "कबड्डी". दम न तोडता समोरच्यांच्या अंगणात जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि परत यायचं, एवढाच खेळ. पण प्रत्येक चढाई संपली की ओरडा व्हायचा, हा शब्दच चुकीचा, याचा दम तुटला असं धरा. एकदा या शब्दावरून अशी जुंपली की चार डोकी फुटली, कोळशाच्या गाडीचा बैल बुजला आणि बालाघाटची छोटी गाडी ड्रायव्हरवाचूनच सुटली, कारण ड्रायव्हर डब्याच्या टपावर बसून मारामारी पाहत होता. यातली डोकी खरी आहेत.

त्या दिवशी फुटलेल्या डोक्यांना हळद लावता लावता तू मंडळ काढायचं ठरवलंस आणि पंच म्हणून तुझा पहिला नियम सांगितलास. "तोंडातून काय निघून राहिलं त्याच्याशी मले घेणं नाही. दम तुटला का नाही, येवढंच पाहीन."

सगळ्यांत आधी मीच भांडलो. म्हटलं, "या मातीत हुतूतूच म्हटलं पाहिजे."

"कायले?"

"कायले म्हणजे? आपली भाषा आहे."

"दमाले भाषा कोठी रायते बे?"

या एका प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं शोधतो आहे. गेल्या दिवाळीत चिवडा खाता खाता मला उत्तर सापडलंही होतं, तेव्हा तू नेमका हात धुवायला उठलास. आता तर कायमचाच उठून गेलास. याला मैदान सोडणं म्हणतात, नत्थ्या. मी हरलेलो नाही.

पण मैदान सोडण्याचा विषय निघालाच आहे, तर आंघोळीचा सामना सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आता तो जो तो आपापल्या पद्धतीनं सांगतो. मी होतो तिथं, भोंगा माझ्या हातात होता.

त्या काळी सामने मगनसेठांच्या बागेत व्हायचे. मगनसेठ म्हणजे राईस मिलचे मालक आणि आपल्या मंडळाचे अध्यक्ष. बागेला उंच भिंत, भिंतीला फाटक, फाटकावर सेठांचा माणूस. त्या वर्षी तू बिड्या वळणाऱ्यांच्या मोहल्ल्याचा संघ घेतलास. ज्यांना बाजारपेठेतले लोक शिवत नव्हते, विहिरीवर येऊ देत नव्हते, त्या घरांतली पोरं. सेठांनी मान डोलावली, कारण त्यांना वाटलं, पहिल्याच फेरीत हरतील आणि आल्या वाटेनं जातील. समोर बाजारपेठेचा संघ, सेठांचा पुतण्या बद्री त्याचा म्होरक्या. दूध-तुपावर पोसलेला, मांड्या अशा की धोतराला दोन पन्हे लागावेत.

बिडीवाल्यांकडून सुखदेव चढाईला आला. काटकुळा, पण दम असा की एका दमात आमगावला जाऊन येईल. तो मध्यरेषा ओलांडून आत गेला आणि बाजारपेठेचा अख्खा संघ मागं सरकला. कुणी हात पुढं करीना. प्रेक्षकांतून ओरडा सुरू, "बद्री, पकड ना, देखता क्या है?"

बद्रीनं मागं वळून खरंखुरं विचारलं, "कैसे पकडूं? छूना पडेगा."

इतका वेळ हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. हा खेळ दुसऱ्याला धरल्याशिवाय होतच नाही. सुखदेव बाजारपेठेच्या अंगणात असा फिरला की जणू बाग पाहायला आलाय. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत गेला. आणि ज्याच्या ज्याच्या खांद्यावर हात पडला तो तो बाद होऊन जो निघाला, तो कडेला बसलाच नाही. थेट बागेच्या विहिरीवर. विटाळ झाला ना. सुखदेवनं पुन्हा चढाई केली, पुन्हा उरलेले विहिरीवर. शेवटी बद्री एकटा उरला, तो सुखदेव येण्याआधीच पळायला लागला, सुखदेवचं बोट त्याच्या पाठीला लागलं, आणि तो पळता पळता तसाच विहिरीकडे वळला. मैदानाच्या एका बाजूला सात जण छाती वर-खाली करत उभे, दुसऱ्या बाजूला नुसतं गवत. विहिरीवरून मंत्रांचा आणि बादल्यांचा आवाज.

अंग पुसत परत आले आणि म्हणाले, चला, पुढचा डाव. तू तेव्हा शिट्टी वाजवून मोकळा झाला होतास. "बाजारपेठेनं मैदान सोडलं. सामना बिडीवाल्यांचा."

मगनसेठ खुर्चीवरून उठले. "नत्थूजी, ये लोग नहाने गये थे."

"होय. मैदान सोडून."

"धरम की बात है."

"असंल. माह्या नियमात नाही."

माझ्या भोंग्यातून मी निकाल सांगितला तेव्हा माझा आवाज चिचवा तलावातल्या बेडकासारखा आला, पण सांगितला. दुसऱ्या दिवशी बागेच्या फाटकाला कुलूप. तिसऱ्या दिवशी तुझ्याकडे न्हावी येईना. मग तुझ्याच भाऊबंदांनी तुला पंगतीतून उठवलं; आधी माफी माग म्हणाले, तू विचारलंस, "निकाल कोणता चुकला ते सांगा, मंग पाहू." अनसूयावहिनींचा भाऊ कोहमाऱ्याहून बैलगाडी घेऊन बहिणीला न्यायला आला. दारातच म्हणाला, "चाल माय, हे प्रकरण निवेपर्यंत आपल्या घरी राय." वहिनी चुलीपासून उठल्यासुद्धा नाहीत. "तेथी येऊन मी करू काय? तुमच्या गावात हुतूतू तरी होते काय?" भाऊ जेवला, बैलांना पाणी दाखवलं आणि रिकामी गाडी घेऊन गेला. वहिनींनी जन्मात एकही सामना पाहिला नव्हता, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

दाढी वाढलेला तू त्या उन्हाळ्यात असा दिसायचास की स्टेशनावर लोक तुला नमस्कार करून पैसे ठेवून जात. हे अर्धं करू नकोस, मी एकदा पाहिलं आहे.

बागेतून हाकलल्यावर तू मैदान शोधलंस ते बंद पडलेल्या एका मिलच्या मागं. बॉयलरात जाळलेल्या कोंड्याची राख तिथं वर्षानुवर्षं टाकली होती. काळी, मऊ, पाय रुतेल अशी. कुणाला ती जागा नको होती, म्हणून ती आपली झाली. बिडीवाल्या मोहल्ल्यानं आणि मालधक्क्यावरच्या हमालांनी ती पाट्यांनी सारखी केली, तू वर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारल्यास. पहिल्या सामन्यात गडी पडले, लोळले, उठले, आणि मी भोंगा खाली घेतला. मला कुणाचंच नाव घेता येईना. सगळे एकजात काळे. डोळे आणि दात तेवढे दिसत होते. कोण कोणत्या आळीचा, ते त्याच्या आईला ओळखू आलं नसतं. मी तुला म्हटलं, "आता मी सांगू काय लोकांना?" तू म्हणालास, "दम कोणाचा तुटला ते सांग." आणि मला अजूनही वाटतं, तू ती जागा मुद्दाम शोधली होतीस. तू म्हणायचास, फुकट होती म्हणून घेतली. हेही आपलं भांडण राहिलंच.

बाजारपेठेचा संघ पुढं दोन-तीन वर्षं घरी बसला. पण तुमसरला गेले की लोक विचारत, बालाघाटला गेले की लोक विचारत, "काय बद्रीसेठ, आंघोळ झाली का?" हे ऐकून ऐकून बद्रीचं दूध-तूप अंगी लागेनासं झालं. एक दिवस तो संघ घेऊन राखेवर आला. खेळतो म्हणाला, पकडतो म्हणाला. आले ते प्रत्येकानं दोन्ही हातांना पंजापासून कोपरापर्यंत दुपट्टे गुंडाळून. चुलीवरचं भांडं उतरवायला आल्यासारखे. तू सगळ्यांच्या हातांकडे पाहिलंस आणि तिथल्या तिथं नवा नियम केलास, "हाताले कापड असलेला गडी बाद." बद्री त्या दिवशीही परत गेला. पण त्याच्या पुढच्या वर्षी रिकाम्या हातांनी आला.

तो रिकाम्या हातांनी आला त्या दिवशी तुला मी पाहत होतो. चुन्याची रेघ पुसट झाली होती, ती तू परत मारत बसलास. मी तेव्हा तुझ्याजवळ येऊन एखादा चांगला शब्द बोलायला हवा होता. मी आयुष्यभर भोंग्यातून साऱ्या दुनियेला शेर, वाघ, वीज, तोफ म्हणालो. तुला काहीच म्हणालो नाही. मित्राला काय म्हणायचं असतं ते कुणी शिकवत नाही. तेव्हा आता लिहितो: माझ्या ओळखीत तुझ्यापेक्षा हट्टी माणूस झाला नाही, आणि त्या हट्टामुळं या गावातली निदान एक जागा राहण्यालायक झाली.

आता खरं सांगायचं ते सांगतो. तू गेलास त्यानंतर काय झालं, ते तुला कुणी सांगितलं नसणार.

तू तापानं गेलास आणि फायनल तीन-चार दिवसांवर होती. बिडीवाला मोहल्ला विरुद्ध बाजारपेठ. इतक्या वर्षांत हे दोन संघ फायनलला समोरासमोर कधी आले नव्हते. तुला अग्नी देऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मगनसेठांनी शोकसभा घेतली. हो, तेच. त्यांची अध्यक्षाची खुर्ची तू कधी काढून घेतली नव्हतीस, म्हणायचास, "खुर्चीवर बसू दे ना, रेषेवर तं नाही ना येत." सेठ डोळे पुसत बोलले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं, मी खोटं का बोलू. मग म्हणाले, नत्थूजींच्या शोकात फायनल रद्द. ढाल त्यांच्या फोटोसमोर ठेवू. आणि पुढच्या सालापासून त्यांच्या नावाची स्पर्धा आमच्या बागेत, चांगल्या जागी, चांगले संघ बोलावून.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शोकाला कोण नाही म्हणणार. बद्री जमिनीकडे पाहत होता. दारात सुखदेव उभा होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, हे आत्ता मंजूर झालं की राखेचं मैदान गेलं, आणि तेही तुझा फोटो लावून, हार घालून.

मी उठलो आणि म्हणालो, "नत्थूभाऊंची शेवटची इच्छा मला माहीत आहे."

आता इथं तुला टोकायला आवडलं असतं. तू शेवटचं काय बोललास ते मी आणि वहिनी दोघांनी ऐकलं. ताप डोक्यात गेला होता. तू म्हणालास, "चुन्याच्या पोत्यावर काई झाकलं काय? दवानं भिजंल." एवढंच. असलं शेवटचं वाक्य घेऊन मी मगनसेठांसमोर कसा उभा राहणार होतो? मी म्हणालो, "नत्थूभाऊंनी माझा हात धरला आणि म्हणाले, शाम्या, मी असो-नसो, फायनल ठरल्या दिवशी झाली पाहिजे." गळा भरून आणला. अर्धा भरला होताच.

सेठ मला लहानपणापासून ओळखतात. ते म्हणाले, "भाभीसे पूछेंगे." आणि सगळी सभा उठून तुझ्या घरी.

वहिनी छपरीत सुतकाच्या चटईवर बसल्या होत्या. मी सगळ्यांच्या मागं राहून हातवारे करत होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सेठांनी हात जोडून विचारलं, "भाभी, शामरावजी कह रहे हैं की नत्थूजीने फायनल खेलने को कहा था. सच है क्या?"

वहिनी म्हणाल्या, "यानं येवढंच सांगतलं?"

"हां जी."

"अर्दंच सांगतलं यानं." सावकाश पदर सारखा केला. "ते म्हणाले का फायनल राखेवरच होऊ द्या. पुढच्या साली बी राखेवरच. अन् शेठजीले समोर खुर्ची देजा, त्यायच्यानं उभं नाही रायवत."

मी तिथं भिंतीला हात लावला, नत्थ्या. इतकी वर्षं मी स्वतःला या गावातला सर्वांत मोठा थापाड्या समजत होतो.

सेठ म्हणाले, "लेकिन भाभी, शोक में खेल..."

"तुमची मर्जी," वहिनी म्हणाल्या. "पण दहाव्याले पिंडाले कावळा नाही शिवला, तं मी तुमाले बलावीन घाटावर. तुमीच समजवा कावळ्याले का मैदान कायले बंद केलं."

सेठांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. धर्माचं कारण काढून त्यांना आजवर कुणी अडवलं नव्हतं, ते काम नेहमी तेच करत. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "ठीक है. खेलो." मागाहून मी वहिनींना विचारलं, असं कसं बोललात. त्या म्हणाल्या, "त्यायच्यासंगं राहून मी एक गोष्ट शिकली, खोटं बोलाचं तं नियम धरून बोलाचं." कावळ्याचं म्हणशील तर दहाव्याला तो पिंड ठेवायच्या आतच येऊन बसला होता. त्याला भूक लागली असावी.

फायनल झाली. तू असतास तर अर्धा जिल्हा तरी म्हणू दिलं असतंस. मिलच्या पडक्या भिंतींवर, बॉयलरच्या टाकीवर, वखारीच्या पत्र्यांवर माणसं. पंच म्हणून शाळेतले ड्रिलमास्तर आणले होते, खाकी कडक इस्त्रीची, शिट्टी नवी. मगनसेठ समोर खुर्चीवर. सुखदेव आणि बद्री दोघंही आता पोक्त झालेत. त्यांची पोटं मध्यरेषेवर त्यांच्या आधी पोचतात. पण म्होरके तेच.

सगळा खेळ सांगत नाही. शेवटच्या चढाईपाशी दोन्ही बाजू बरोबरीत. बिडीवाल्यांकडून सुखदेव एकटा उरलेला, समोर बद्री आणि एक पोरगा. सुखदेव आत गेला, पोराला शिवला आणि मागं फिरला. बद्रीनं मागून त्याच्या कंबरेला मिठी मारली. दोघं धाडकन राखेत. सुखदेव पोटावर सरपटतोय, बद्री पाठीवर, डोकं त्याच्या पाठीत खुपसून. राख अशी उडाली की मला काही दिसेना. राख खाली बसली तेव्हा सुखदेवची बोटं चुन्याच्या रेघेवर होती.

पण दम? सगळेच ओरडत होते, दम कुणी ऐकला नव्हता. बिडीवाले म्हणाले पोचला. बाजारपेठ म्हणाली दम टूट गया. लोक आत घुसले. काठ्या निघाल्या, त्या कुणी आणल्या होत्या कोण जाणे. ड्रिलमास्तर शिट्टी तोंडात धरून उभे, वाजवेनात आणि काढेनात. मगनसेठ उठले. "बस. बंद करो. इसीलिये मैं मना कर रहा था." माझ्या हातात भोंगा होता. माझ्याकडे खरं नव्हतं आणि खोटं सुचेना.

मध्यरेषेवर ते दोघं अजून तसेच पडलेले. मी जवळ होतो, म्हणून ऐकलं.

सुखदेव म्हणाला, "बद्री, सोड आता. कंबर मोडून राहिला."

"पहले बोल, दम था क्या?"

"मले काय पुसतं? तूच माह्या पाठीले कान लावून पडला होता."

बद्री उठून बसला. तोंडातली राख थुंकला. मग उभा राहून आपल्याच लोकांकडे वळला, हात वर केला. "था. आखिर तक था. मेरे कान में बज रहा था. सामना उनका."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अबे बद्री, पागल हो गया क्या? काका बैठे हैं सामने."

बद्री म्हणाला, "तूने पकडा था उसको? मैंने पकडा था."

काठ्या खाली आल्या. सुखदेवला उठता येत नव्हतं, बद्रीनं त्याला काखेत हात घालून उठवलं आणि दोघं शिव्या देत, लंगडत टाकीकडे पाणी प्यायला गेले. ड्रिलमास्तरांना मग धीर आला, त्यांनी शिट्टी वाजवली, पण ती ऐकायला मैदानात कुणी राहिलं नव्हतं. मगनसेठ केव्हा गेले कळलं नाही. बागेचा विषय त्यानंतर कुणी काढलेला नाही.

मी तिथं राखेत एकटा उभा राहिलो आणि तुझ्यावर मनापासून चिडलो, की हे पाहायला तू नाहीस. मग लक्षात आलं, तू असतास तर हे झालंच नसतं. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं असतं, तू निकाल दिला असतास, आणि बद्रीला तोंड उघडावं लागलं नसतं.

तेव्हा तुला झोंबेल अशीच बातमी देतो, नत्थ्या. तुझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.